उडत्या तबकड्यांबद्दल गुप्तचर संस्थांना विचारायचे कसे? गोव्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी शेजारचा मुलगा मांद्र्याच्या किनाऱ्यावरून परतला तो थेट आमच्या बलकांवावर येऊन बसला. मोबाईलमध्ये चौदा सेकंदांचा व्हिडिओ होता. काळोख्या आकाशात एका ओळीत सरकणारे ठिपके, मागे दर्याची गाज आणि कुणाचा तरी आवाज, "अरे बघ, बघ!" पोरगा कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. दोन दिवसांनी तो पुन्हा आला, या वेळी वहीचे पान घेऊन. "काका, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय. एकदा नजर घाला." पहिलाच प्रश्न असा होता: "गोव्याच्या आकाशात परग्रहावरची याने येतात ही गोष्ट सरकार आणि गुप्तचर खाते जनतेपासून का लपवते?"

त्याची तळमळ खरी होती, म्हणूनच तो अर्ज तसाच जाऊ द्यावा असे मला वाटेना. आकाशात काय होते हे सांगायला कुठलीही संस्था कायद्याने बांधलेली नाही. आपल्या कपाटात कोणते कागद आहेत, एवढेच सांगायला ती बांधलेली असते. कागद मागितला की तिला तीनच उत्तरे देता येतात: आहे, नाही, किंवा आहे पण अमुक कलमाखाली देता येत नाही. एक चौथे उत्तरही आहे, त्याची गोष्ट पुढे येईल. "का लपवता?" असे विचारले की उत्तर न देण्याची सोय आपणच करून देतो. मी स्वतः ही चूक केली आहे. कित्येक वर्षांपूर्वी एका कार्यालयाला मी "का"ने सुरू होणारे पाच प्रश्न पाठवले आणि एका ओळीचे उत्तर आले की, हे प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत. तेव्हा फार राग आला होता. पण नियमाने त्यांचे बरोबर होते.

आधी स्वतःची नोंद नीट करा

अर्जाच्या आधी आपली स्वतःची नोंद हवी. त्या मुलाला मी वेळ विचारली तेव्हा तो म्हणाला, "साडेसात-आठ असतील." एवढ्यावर कुठलीच नोंदवही शोधता येत नाही. सुदैवाने मोबाईलच्या मूळ फाइलमध्ये वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते. ती फाइल आहे तशी जपा. व्हॉट्सअॅपवरून फिरवलेल्या प्रतीत चित्र दाबले जाते आणि आतल्या नोंदी गळून पडतात.

दिशा आणि उंचीही लिहा. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश व्यापते, तीन बोटे ५ अंश. क्षितिजापासून वस्तू किती मुठी वर होती, सुरुवातीला कुठे होती, शेवटी कुठे गेली, ताऱ्यांच्या तुलनेत सरकत होती की त्यांच्याबरोबरच, आवाज होता का, हे सगळे त्याच रात्री लिहून काढा. दुसऱ्या दिवशी चार जणांना सांगून झाल्यावर आठवण बदलते.

हा खटाटोप का, याचे उत्तर आपल्याच देशात आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी अनोळखी उडत्या वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या होत्या. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना बोलावले गेले. वस्तू कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर दिसते याच्या नोंदींवरून उलगडा झाला: ते गुरू आणि शुक्र हे ग्रह होते. त्या जवानांना मी हसणार नाही. शत्रूच्या सीमेवर, विरळ हवेत, रात्रीच्या पहाऱ्यावर दिसलेला तेजस्वी दिवा त्यांनी गंभीरपणे नोंदला, आणि त्या नोंदी होत्या म्हणूनच उत्तर सापडले.

गोव्यात ताडून पाहण्याच्या गोष्टी थोड्या वेगळ्या आहेत. दाबोळीला आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ आहे, तिथे रात्रीही उड्डाणे होतात. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाल्याने आम्हा पेडणेकरांच्या आकाशात नवे दिवे आले. समोरून उतरणीला लागलेल्या विमानाचा दिवा कितीतरी वेळ एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. पणजीच्या आल्तिनोवर हवामान खात्याचे केंद्र आहे. तिथून पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी हवामानाचा फुगा सोडतात, आणि खाली अंधारले तरी उंचावरच्या फुग्यावर ऊन असते. किनाऱ्यावर कागदी आकाशदिवे, पार्ट्यांचे लेझर, क्षितिजावरच्या ट्रॉलरचे प्रखर दिवे हे तर नेहमीचेच. शिवाय २०१९ पासून इंटरनेट पुरवणारे स्टारलिंकचे उपग्रह तुकडीतुकडीने सोडले जातात आणि पहिले काही दिवस माळेसारखे एका ओळीत जातात. खात्री नसेल तर पणजीच्या सार्वजनिक वेधशाळेतल्या खगोलप्रेमींना आपली नोंद दाखवा. वर्षानुवर्षे आकाश पाहणारी ती माणसे आहेत.

त्या शेजारच्या मुलाचा व्हिडिओ जवळजवळ नक्कीच स्टारलिंकचा होता. ओळ, गती, सूर्यास्तानंतरची वेळ, सगळे जुळत होते. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "पण काका, समजा मला कळलं नसतं आणि मी कुणाला तरी कळवलं असतं, तर त्यांनी त्या कागदाचं काय केलं असतं?" हा प्रश्न मला त्याच्या पहिल्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. पुढचे सगळे त्यासाठीच लिहितो आहे.

आपला प्रश्न आत गेल्यावर त्याचे काय होते

अमेरिकेची सीआयए या बाबतीत कशी शिकली, हे तिच्याच इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. जेराल्ड हेन्स यांचा तो लेख १९९७ मध्ये खुला झाला. जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ बसवले. त्या तबकड्यांपासून देशाला थेट धोका असल्याचा पुरावा त्या मंडळाला दिसला नाही. पण लोकांच्या तक्रारींचा पूर आला तर खऱ्या हल्ल्याची सूचना त्यात बुडून जाईल, अशी भीती मात्र वाटली. आपल्याला या विषयात रस आहे हेच लोकांना कळू नये, असे धोरण सीआयएने धरले आणि गोंधळाची सुरुवात तिथे झाली.

लिऑन डेव्हिडसन नावाच्या रसायन अभियंत्याचे प्रकरण मला मुद्दाम सांगावेसे वाटते. शिकागोच्या दोन बहिणींनी रेडिओवर ऐकू आलेला एक विचित्र संदेश ध्वनिफितीवर टिपला होता. तो साधा मोर्स कोड होता, अमेरिकेतल्याच एका केंद्राचा. डेव्हिडसन यांनी या संदेशाबद्दल पत्रामागून पत्रे पाठवली. सीआयएने सरळ उत्तर देण्याऐवजी आपला माणूस हवाई दलाचा अधिकारी म्हणून त्यांच्याकडे पाठवला, पुढे तर गणवेश घालून. ध्वनिफीत साधी, उत्तर साधे. पण ते खोट्या ओळखीआडून दिले गेल्यामुळे डेव्हिडसन यांचा संशय आयुष्यभरासाठी पक्का झाला. उत्तर काय दिले याइतकेच ते कोणी आणि कोणत्या नावाने दिले, हे महत्त्वाचे असते.

त्याच काळात यू-२ हे टेहळणी विमान आले. त्याचे पहिले उड्डाण १९५५ चे. प्रवासी विमाने तेव्हा १० ते २० हजार फुटांवरून जात, यू-२ मात्र ६० हजारांच्या वर. सुरुवातीची विमाने चंदेरी होती. खाली संध्याकाळ झालेली असताना वर त्यांच्यावर ऊन चमके आणि वैमानिक आगीचा गोळा पाहिल्याचे कळवत. तक्रारी तपासणारे हवाई दलाचे अधिकारी यू-२ च्या वेळापत्रकाशी नोंद ताडून पाहत. जुळली, तरी पत्र लिहिणाऱ्याला खरे सांगता येत नसे. हिमकण किंवा हवेच्या थरांतली तापमानाची उलथापालथ अशी कारणे दिली जात. हेन्स यांच्या लेखानुसार १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९६० चे दशक यांतल्या निम्म्याहून अधिक नोंदी अशा टेहळणी उड्डाणांच्या होत्या. अशा नोंदी तपासणाऱ्या हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकने १९६९ मध्ये गाशा गुंडाळला तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनुत्तरित राहिल्या होत्या.

तेव्हा लपवले गेले हे खरेच. पण लपवले ते आपले विमान. ही खूणगाठ बांधून ठेवा, कारण पुढच्या जवळपास प्रत्येक नकारामागे हेच असते: काय दिसले यापेक्षा ते कशाने पाहिले, कोणत्या रडारने टिपले, कुणाचे बोलणे चोरून ऐकताना कळले, हे गुपित असते.

परदेशी संदेश चोरून ऐकणाऱ्या एनएसए या अमेरिकी संस्थेचे उदाहरण घ्या. १९८० मध्ये एका नागरी गटाने तिला तबकड्यांच्या कागदांसाठी कोर्टात खेचले. संस्थेकडे २३९ कागद सापडले, त्यांतले ७९ इतर खात्यांचे, आणि रोखून धरलेले १५६ परक्या देशांची संदेशवाहतूक ऐकून तयार केलेले अहवाल. न्यायाधीशांनी २१ पानांचे गुप्त प्रतिज्ञापत्र बंद दाराआड वाचले आणि संस्थेच्या बाजूने निकाल दिला. पुढे तेच प्रतिज्ञापत्र काळ्या पट्ट्यांसह खुले झाले. पट्ट्या मारलेली पाने पाहून लोकांना वाटते, आत परग्रहवासीयांचे वर्णन असणार. खरा मुद्दा मात्र परक्या संदेशांवर कान कुठे आणि कसा लावला होता, हा होता.

आता ते चौथे उत्तर. प्रशांत महासागराच्या तळातून बुडालेली सोव्हिएत पाणबुडी उचलण्यासाठी सीआयएने ग्लोमार एक्स्प्लोरर नावाचे जहाज वापरले. १९७५ मध्ये एका पत्रकार महिलेने त्याबद्दलचे कागद मागितले, तेव्हा उत्तर मिळाले की असे कागद आहेत हेही सांगता येत नाही आणि नाहीत हेही सांगता येत नाही. १९७६ च्या निकालानंतर हा प्रकार रूढ झाला, नावही ग्लोमार उत्तर असेच पडले. असे पत्र आले तर त्याचा अर्थ "आहे" असा घेऊ नका. "नाही" असाही घेऊ नका.

ब्रिटनचा मार्ग वेगळा. तिथल्या संरक्षण मंत्रालयात लोकांना दिसलेल्या तबकड्यांच्या नोंदी घेणारे एक टेबल होते. देशाच्या संरक्षणाशी संबंध आहे का, एवढेच तिथे पाहिले जाई. संबंध नसेल तर ती वस्तू काय होती हे शोधत बसत नसत. डिसेंबर २००९ पासून ते टेबल, फोन आणि ईमेल बंद झाले. पन्नासहून अधिक वर्षांत एकाही नोंदीतून धोक्याचा पुरावा मिळाला नाही, हे कारण देण्यात आले. जुन्या फायली २००८ ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या झाल्या. फ्रान्समध्ये १९७७ पासून हे काम अंतराळ संस्था करते आणि २००७ पासून प्रकरणे जाहीर करते. मला हीच पद्धत सर्वांत सरळ वाटते, कारण तिथे नोंद घेणारा आणि गुपित राखणारा एकच नसतो. अमेरिकेत जुलै २०२२ पासून अशा नोंदी तपासणारे संरक्षण खात्याचे एएआरओ नावाचे कार्यालय आहे. मार्च २०२४ च्या अहवालात त्याने परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा सापडला नसल्याचे म्हटले आहे.

अर्ज करण्यापूर्वी खुले कागद चाळा

तुम्ही मागणार आहात तो कागद कदाचित आधीच खुला असेल. सीआयएच्या संकेतस्थळावर वाचनकक्ष आहे आणि त्यात १९४० च्या दशकापासून १९९० च्या सुरुवातीपर्यंतचा तबकड्यांचा वेगळा संग्रहच आहे. १९७८ मध्ये एका खटल्यानंतर खुली झालेली सुमारे ९०० पानेही वाचायला मिळतात. जानेवारी २०१७ पर्यंत असे लाखो कागद पाहायला वॉशिंग्टनजवळच्या एका इमारतीतल्या चार संगणकांपुढे बसावे लागे. आज पेडण्यात बसून दिसतात. शोधताना फक्त यूएफओ (अनोळखी उडती वस्तू) हा शब्द टाकू नका, फ्लाइंग सॉसर, अनआयडेंटिफाइड, आणि देशाचे नाव टाका. भारताच्या जवळचा कागदही आहे: १९६८ सालचा, लडाख, नेपाळ, सिक्कीम आणि भूतान इथल्या दिसण्यांविषयीचा.

पण कागद सापडला म्हणजे गोष्ट खरी ठरली असे नाही. तो मुळात काय आहे हे पाहा. २०२५ मध्ये जगभर फिरलेले एक पान, ज्यात तबकडी पाडल्यावर २३ सोव्हिएत सैनिकांचे दगड झाले असे म्हटले आहे, ते सीआयएच्या संग्रहातलेच आहे. नीट वाचले तर तो १९९३ चा युक्रेनी वर्तमानपत्रातल्या बातमीचा अनुवाद निघतो, आणि त्या बातमीत एका सनसनाटी साप्ताहिकाचा हवाला आहे. परदेशी वर्तमानपत्रे वाचून अनुवाद करणे हे त्या संस्थेचे रोजचे काम होते. शिक्का संस्थेचा, मजकूर वर्तमानपत्राचा. एफबीआयचा मार्च १९५० चा तीन तबकड्या सापडल्याचा प्रसिद्ध कागदही असाच: ऐकीव माहिती वर कळवलेली, पुढे तपास झालेला नाही. कागद हाती आला की चार गोष्टी शोधा: लिहिणारा कोण, त्याला कुणी सांगितले, वर क्रमांक काय, आणि खाली पुढील कारवाईबद्दल काय लिहिले आहे. व्हॉट्सअॅपवर आलेल्या "सीआयएच्या" पानावर क्रमांकच नसेल तर ते पुढे पाठवू नका.

अमेरिकेला अर्ज

तिथला माहिती स्वातंत्र्याचा कायदा १९६६ चा, आणि तो कुणाही व्यक्तीला अर्ज करू देतो, गोव्यातल्या माणसालाही. फक्त, गुप्तचर संस्था परक्या सरकारांच्या प्रतिनिधींना या कायद्याखाली कागद देत नाहीत. तेव्हा अर्ज वैयक्तिक नात्यानेच करा. तो संस्थेच्या संकेतस्थळावरून करता येतो आणि इंग्रजीतच लिहावा लागतो.

मजकूर अर्ध्या पानाचा पुरे. कोणत्या प्रकारचे कागद हवेत, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या प्रदेशाबद्दल. "यूएफओबद्दल सर्व काही" असे मी एकदा मागितले होते. मला वाचनकक्षाचा पत्ता मिळाला. त्यापेक्षा "१९६५ ते १९७० या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्याविषयी आलेले अनोळखी उडत्या वस्तूंचे अहवाल" ही मागणी शोधण्याजोगी आहे. खर्चाची कमाल रक्कम लिहून ठेवा. सामान्य अर्जदाराला शोधाचे पहिले दोन तास आणि पहिली १०० पाने मोफत असतात. आणखी एक युक्ती: याच विषयावर आधीच्या अर्जदारांना दिलेल्या कागदांच्या प्रती मागा. ते काम झालेले असते, त्यामुळे उत्तर लवकर येण्याची शक्यता वाढते.

कायद्याने मुदत कामाचे २० दिवस आहे, प्रत्यक्षात महिने जातात, कधी वर्षे. पोचपत्रावरचा प्रकरण क्रमांक जपून ठेवा. नकारात बी-१ दिसले तर कागद सुरक्षेसाठी गोपनीय आहे. बी-३ म्हणजे दुसऱ्या एखाद्या कायद्याने तो झाकला आहे. बी-६ खासगी माहितीसाठी. अपिलाला ९० दिवस मिळतात.

आपल्याकडचा अर्ज

इथे कायदा स्पष्ट आहे आणि त्याची चौकट ओळखूनच चालायला हवे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २४ नुसार दुसऱ्या अनुसूचीतल्या संस्थांना हा कायदा लागू नाही. इंटेलिजन्स ब्युरो, रॉ, तांत्रिक टेहळणी करणारी एनटीआरओ, संरक्षण संशोधन करणारी डीआरडीओ, सीमा सुरक्षा दल या सगळ्या त्यात आहेत. अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांचा. म्हणजे रॉला तबकडीबद्दल विचारले तर कलम २४ चा हवाला देणारे पत्र येईल, आणि त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

पण नौदल, हवाई दल, भूदल, इस्रो, हवामान खाते, विमानतळ प्राधिकरण या अनुसूचीत नाहीत. लोकांना हे ठाऊक नसते, आणि इथेच खरा दरवाजा आहे. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली, विमाने थांबवली गेली, आणि हवाई संरक्षणाची कारवाई सुरू केल्याचे हवाई दलानेच जाहीर केले. नोंद होते ती अशा ठिकाणी. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या रात्री विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूचे मोठे कडे पडले. चिनी रॉकेटचा अवशेष असावा असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. तिथेही कागदाची सुरुवात स्थानिक पोलीस आणि महसूल यंत्रणेपासून झाली, नंतर इस्रोचे पथक आले.

गोव्यात कुणाला विचारायचे हे वस्तू कुठे दिसली यावर ठरते. दाबोळीची हवाई वाहतूक नौदल सांभाळते, मोपाची विमानतळ प्राधिकरण. फुग्याची शंका असेल तर हवामान खाते. कुणी ११२ ला फोन केला असेल तर गोवा पोलीस. पोलीस राज्याचे आहेत, त्यांना वेगळा अर्ज करावा लागतो; बाकीच्यांना केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. शुल्क १० रुपये, मजकुराची मर्यादा ३,००० अक्षरे. केंद्राच्या कार्यालयांना इंग्रजी किंवा हिंदीत लिहिलेले सोयीचे. राज्याच्या कार्यालयांना मी मराठीतच लिहितो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. चुकीच्या कार्यालयाकडे अर्ज गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

त्या मुलाचा पहिला प्रश्न आम्ही खोडला आणि त्याच्या जागी चार ओळी लिहिल्या. मांद्रे किनारी भागात अमुक तारखेला सायंकाळी ७ ते ८ या वेळेत अनोळखी हवाई वस्तू दिसल्याची नोंद असल्यास तिची प्रत. नागरिकांकडून अशी सूचना आल्यास ती कशी नोंदवायची याचे परिपत्रक किंवा कार्यपद्धती असल्यास तिची प्रत. मागच्या पाच वर्षांत अशा किती सूचना आल्या, वर्षवार आकडा संकलित केलेला असल्यास तो. अशा नोंदी किती काळ जपून ठेवायच्या याचा नियम. "असल्यास" हा शब्द मुद्दाम आहे. नसलेली माहिती तयार करून द्यायला किंवा मत सांगायला अधिकारी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात सांगितले आहे.

दुसरी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घटनेची नोंद सुरक्षेच्या नावाखाली अडू शकते. पण नागरिकाने कळवलेल्या गोष्टीचे काय करायचे, याचा नियम सांगण्यात कुठल्या देशाचे गुपित फुटते? आणि असा नियमच नाही असे उत्तर आले, तर तेही कळणे गरजेचे आहे.

एक सावधगिरी. हंसा तळाचे कुंपण, धावपट्टी, लढाऊ विमाने यांचे फोटो अर्जाला जोडू नका, मुळात काढूच नका. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे, पण अजून लागू आहे. वस्तू विमानतळाजवळ खाली उडत असेल तर अर्जाची वाट न पाहता ताबडतोब ११२ ला कळवा. ती कुणाचा तरी ड्रोन असेल आणि त्याच आकाशातून माणसांनी भरलेले विमान उतरत असेल.

उत्तर आल्यावर

मुदत ३० दिवस. "अशी नोंद आढळली नाही" आणि "माहिती देता येत नाही" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हा शब्द बारकाईने वाचा. पहिले वाक्य आले तर कोणत्या नोंदवहीत शोधले हे पुढच्या अर्जात विचारता येते. दुसरे आले तर कलम लिहिलेच पाहिजे. बहुधा ८(१)(अ), म्हणजे देशाची सुरक्षा. तेव्हा कलम १० आठवा: कागदाचा एखादा भाग गोपनीय असेल तर तो झाकून उरलेला द्यावा लागतो. रडारचे नाव झाका, पण तारीख, वेळ आणि निष्कर्ष द्या, असे अपिलात लिहा. २० वर्षांपूर्वीच्या घटनांसाठी ८(३) बरीच बंधने सैल करते, सुरक्षेचे मात्र करत नाही. प्रती २ रुपये पान. कागद कार्यालयात जाऊन पाहायचे असतील तर पहिला तास मोफत.

पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. दुसरे ९० दिवसांत, केंद्राच्या कार्यालयांसाठी दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे, राज्याच्या कार्यालयांसाठी पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे. विनाकारण उशीर केल्यास अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. माझे एक चांगले प्रकरण नुसत्या मुदतीपायी गेले. चवथीच्या गडबडीत उत्तराचे पाकीट फोडायचे राहिले आणि मी दिवस मोजले ते पाकीट फोडल्यापासून, हाती आल्यापासून नव्हे.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. रात्री नऊच्या सुमारास अर्ज गेला आणि मोबाईलवर नोंदणी क्रमांक आला. त्याने तो वहीच्या त्याच पानावर, खोडलेल्या प्रश्नाखाली उतरवला. खाली दोन तारखा लिहिल्या: आजपासून तिसावा दिवस, आणि त्यानंतरचा तिसावा.